सात नंबरचा म्हातारा

संपादकांनी सांगितलं, कामातले अनुभव लिहा, फक्त कोणाला शिव्या देऊ नका. पहिलं जमेल. दुसऱ्याचा प्रयत्न करते.

माझं कर्जतला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानात शिरणारा पुरुष आधी माझ्या मागे बघतो आणि विचारतो, "मालक नाहीत का?" मी सांगते, जेवायला गेलेत. तो थांबतो. थोड्या वेळानं मी त्याचाच सीपीयू उघडून धूळ झाडायला घेते, तेव्हा तो घाबरून म्हणतो, "मालक ओरडणार नाहीत ना?" मी म्हणते, मालक तापट आहेत, पण मला काही बोलत नाहीत.

दुकानाच्या आधी मी कष्टकऱ्यांच्या संघटनेत होते. अजूनही आहे. भाषणाला उभी राहिले की माझा आवाज फाटतो, म्हणून मला पत्रकं लिहायला बसवलं. आमची रीत सोपी होती. आरोपी कोण ते आधी सांगायचं, मग त्यानं काय चोरलं ते, आणि शेवटी लोकांनी कुठं जमायचं ते. विशेषणं परवडत नाहीत, कागद अर्ध्या पानाचा असतो. या लेखाला पानं जास्त मिळाली आहेत, त्यात माझा दोष नाही.

ऑपरेटिंग सिस्टम म्हणजे काय, हे मी गिऱ्हाइकाला लग्नघरावरून समजावते. मांडव आहे, भांडी आहेत, आचारी आहे, पाहुणे आले आहेत. पण पंगत कधी बसवायची, वाढायला कोण, नवरीच्या मामाला कुठं बसवायचं, हे सगळं एकच माणूस बघत असतो. त्याला कोणी "जेवलास का" विचारत नाही. तो ऑपरेटिंग सिस्टम. दर काही वर्षांनी कंपनी नवा कारभारी पाठवते. आमच्याकडे विंडोजच्या या कारभाऱ्यांना नंबरनं ओळखतात: सात नंबर, दहा नंबर, अकरा नंबर. जुन्याची "मुदत संपली" म्हणजे तो मेला असं नाही. तो पंगती उठवतोच. फक्त बाजारात आलेले नवे चोर दिसायला कसे आहेत, हे कंपनी त्याला कळवायचं बंद करते. एवढंच. आणि एवढ्यासाठी घरोघरी भंगारवाल्याला हाक जाते.

सात नंबरची मुदत संपवली तेव्हा मी पत्रक काढलं. मथळा होता, "धडधाकट यंत्राला मेलेलं ठरवणारे तुम्ही कोण?" खाली ठळक अक्षरांत, "चालतंय ते बदलू नका. एक पाऊल मागे हटू नका." कर्जतच्या बाजारात वाटलं, खोपोलीत वाटलं. खोपोलीत एका वडापाववाल्यानं उरलेला गठ्ठाच मागून घेतला. प्रसार चांगला झाला.

पत्रकाला पोटकलमं नसतात. दुकानात मात्र मी आधी एकच गोष्ट विचारते: या कॉम्प्युटरला नेट जोडलेलं आहे का? नसेल, तर जुना कारभारी ठेवा, चोर येणार कुठून? असेल, तर बसा, बोलू. आणि मग विचारते, याच्या जिवावर दुसरं कुठलं यंत्र चालतं का? कारण नवा कारभारी आला की जुन्या नोकरांना ओळखत नाही. प्रिंटर बंद पडतो, वजनकाटा बंद पडतो, आणि दोष दुरुस्तीवाल्याला लागतो.

साजगावला पुठ्ठ्याची खोकी कापणारा एक छोटा कारखाना आहे. कापणीचं मशीन एका पुरातन कॉम्प्युटरवर चालतं. मालक शेठ मला म्हणाले, "जावई म्हणाले, अकरा नंबर टाकून घ्या. ते पुण्याला असतात."

"जावई खोकी कापतात का?"

"नाही."

"मग राहू द्या."

नेटची वायर काढली, तिचं भोक लाल टेपनं बुजवलं, वर लिहिलं, "इथं काही खुपसू नये." तो कॉम्प्युटर सुखात होता. मग खंडेनवमी आली. यंत्रांची पूजा झाली, ती व्हायलाच हवी. कापणीच्या मशीनला हार घातला, कॉम्प्युटरलाही घातला, तोही चालू असताना, कारण चालत्या यंत्राची पूजा लाभते असं कोणीतरी सांगितलेलं. पंख्यानं झेंडूच्या पाकळ्या आत ओढून घेतल्या. मी जाऊन उघडलं तेव्हा आत हळद-कुंकू लागलेलं होतं आणि वास देवळासारखा येत होता. दरवर्षी दसऱ्यानंतर असे चार-दोन येतात. जगातल्या कुठल्याही कंपनीच्या माहितीपुस्तकात हा बिघाड नाही. मी शेठना सांगितलं, नेट आणि झेंडू, दोन्ही लांब ठेवा. तो कॉम्प्युटर आजही खोकी कापतो. जावई नाराज आहेत.

असं सगळं माझ्या पत्रकाप्रमाणे चाललेलं असताना भिवपुरीहून कुंदाताईचा फोन आला.

"माझा म्हातारा गप बसलाय गं. मधेच बोलतो, मधेच गप. ये बघायला."

मी म्हटलं, मी डॉक्टर नाही. ती म्हणाली, "मग मी काय डॉक्टरला बोलावते का? तुझंच काम हाय."

कुंदाताई भिवपुरी स्टेशनजवळच्या एका गावात भावाच्या घराच्या पडवीत ऑनलाइन कामाचं दुकान चालवते. शाळा-कॉलेजचे अर्ज, निकाल, दाखले, लग्नाचे बायोडाटे. तिला जन्मापासून दिसत नाही. मुंबईला अंधांच्या शाळेत ती कॉम्प्युटर शिकली. पडद्यावर आलेलं तिच्या कॉम्प्युटरमधला एक प्रोग्रॅम मराठीत वाचून दाखवतो. तो आवाज म्हणजे म्हातारा. घसा बसलेला, नाकात बोलणारा, आणि वेग असा, की भातगिरणीचा पट्टा सुटल्यावर जो आवाज होतो तोच. पडवीत बसलेल्यांना त्यातलं अक्षर कळत नसे. कुंदाताईला शब्दन् शब्द कळे. वर ती गिऱ्हाइकाशीही बोलत असे.

मी पिशवी घेऊन पोचले. टेबलावर कीबोर्ड होता, स्पीकर होता, खाली सीपीयू होता.

"ताई, स्क्रीन कुठाय?"

"स्क्रीन कशाला पायजे?"

प्रश्न रास्त होता. स्क्रीन आतल्या खोलीत भावानं डिशच्या डब्याला जोडला होता आणि त्यावर कबड्डीचा सामना चालू होता. मी तो उचलून आणला तेव्हा भाऊ माझ्याकडे जसा बघत होता, तसं पोलिसांनीही मोर्चात माझ्याकडे बघितलेलं नाही.

स्क्रीन जोडल्यावर उलगडा झाला. वेबसाइटींनी सात नंबरला दार बंद करायला सुरुवात केली होती. "तुमची आवृत्ती जुनी आहे" अशी एक चौकट येत होती. ती चौकट म्हणजे नुसतं चित्र. चित्र म्हाताऱ्याला वाचता येत नाही. म्हणून तो गप. म्हणजे कुंदाताईला हाकलत होते, आणि हाकलतोय हे तिला सांगायचे कष्टही घेत नव्हते.

हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मागच्या आठवड्यात वरच्या वाडीवरनं एक बाई उतरून आली, पोरीच्या वसतिगृहाचा अर्ज भरायला. चालत आली. मी तिला बसवून ठेवली, म्हातारा गप. शेवटी नेरळच्या दुकानात पाठवली. तिचा अर्ज गेला तिथनं." मग जरा थांबून, "आता ती नेरळलाच जानार. तिची वाडी पन."

अर्ज वेळेत गेला हे चांगलंच झालं. पण एका वाडीला दोन दुकानांची गरज नसते, हे दोघींनाही कळत होतं. पडवीतलं दुकान बंद झालं तर कुंदाताई पुन्हा भावाच्या घरातली, एका कोपऱ्यात बसवलेली बहीण होणार होती. भाऊ वाईट नाही. कोपरा वाईट.

"आधी कोणी सांगितलं नाही का नवीन टाकायला?"

"सांगितलं ना. बदलापूरचा एक पोरगा आलेला, म्हनाला दहा नंबर टाक. मी त्याला हाकलला." तिनं मागच्या भिंतीकडे हात केला. "ते काय लावलंय बघ."

माझं पत्रक होतं. चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावलेलं.

"वहिनीनं वाचून दाखवलं मला. एक पाऊल मागे हटू नका. मी नाय हटले."

पत्रकातला प्रत्येक शब्द खरा आहे असं माझं मत होतं, आजही आहे. पण पत्रक सगळ्यांसाठी असतं, कॉम्प्युटर एकेकाचा असतो.

अडचण अशी होती. म्हातारा फक्त सात नंबरवर बोलायचा. तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. नवा कारभारी आणला की म्हातारा गेला. म्हणून मी आधी मधला मार्ग काढला: एकाच कॉम्प्युटरवर दोन्ही ठेवू. जुनं काम म्हाताऱ्याकडे, नेटचं काम दहा नंबरकडे. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं.

"सुरू केल्यावर तो विचारेल कुठला पाहिजे. मग बाण दाबून निवडायचं."

"कोन विचारेल?"

"स्क्रीनवर येतं…"

मी वाक्य तिथंच सोडलं. कारभारी जागा व्हायच्या आधीचा तो प्रश्न. तेव्हा आवाज नसतोच, नुसती अक्षरं.

"बरं," कुंदाताई म्हणाली. एवढंच म्हणाली, ते जास्त लागलं.

मी तिला ढोबळ हिशेबानं बाण दाबायची रीत शिकवली असती, तिला जमलंही असतं. पण खरी गोची वेगळी होती. तिचं सगळंच काम नेटचं. म्हाताऱ्याला वाचायला काही उरलंच नव्हतं. बसून खाणारा म्हातारा झाला असता तो. हे मी बोलले नाही. तीच बोलली.

"म्हाताऱ्याला धरून बसले तर पडवी जानार. टाक तुझं दहा नंबर."

"माझं नाही ते."

"मग कोनाचं? घेऊन तर तूच आलीस."

नवी सिस्टम चढवायला वेळ लागतो आणि त्या वेळात कॉम्प्युटर एक अक्षर बोलत नाही. डोळस माणूस निदान टक्के बघतो. कुंदाताईनं काय बघायचं? म्हणून मी बाजूला बसून पडदा वाचून दाखवायला लागले. आयुष्यभर ज्याच्याविरुद्ध पत्रकं काढली, त्या कंपनीची निवेदनं मी माझ्या फाटक्या आवाजात भिवपुरीच्या पडवीत वाचत होते.

"काय म्हनतंय?"

"'आम्ही तुमच्यासाठी सर्व काही तयार करत आहोत.'"

"आमी म्हंजे कोन?"

"ते लिहिलेलं नाही."

"पुढं?"

"'कॉम्प्युटर बंद करू नका.' तेरा टक्के."

"आता?"

"तेराच."

"तू फार हळू वाचतेस गं. झोप यायला लागली."

आत भाऊ कबड्डीवाचून अस्वस्थ येरझारा घालत होता. दर फेरीला डोकावून विचारायचा, "झालं?" कुंदाताई परस्पर सांगायची, "तेरा."

झालं एकदाचं. मराठी वाचणारा एक फुकटचा प्रोग्रॅम मी टाकला आणि त्यात मला सगळ्यात गोड वाटला तो बाईचा आवाज निवडला. स्वच्छ, ठसठशीत, एकेक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा. कुंदाताईनं मान तिरकी करून ऐकलं.

"ही कोन बया?"

"नवीन आहे. छान बोलते ना?"

"सरकारी दवाखान्यात नाव पुकारतात तशी बोलते. असू दे."

म्हातारा ज्यात होता ती जुनी डिस्क काढून पिशवीत घातली आणि मी निघाले. उपकार केल्याच्या भावनेत होते. ती भावना फार टिकली नाही.

थोड्या दिवसांनी फोन आला. या वेळी नमस्कार-चमत्कार नाही. "तू माझ्या दुकानाची चावडी केलीस!"

मला काही समजेना. मग तिनं सांगितलं. म्हातारा बोलायचा ते फक्त तिला कळायचं. त्यामुळे पडवीत रांग असली तरी प्रत्येकाची गोष्ट कुंदाताईच्या कानापुरती राहायची. कोण नापास, कोणाच्या दाखल्यावर बापाचं नाव काय, हे तिच्या पोटात जायचं आणि तिथंच राहायचं. नवी बाई मात्र सगळ्यांना समजेल असं, शांतपणे, उच्चार सांभाळून बोलत होती. एका पोराचा निकाल उघडला तर तिनं भर पडवीत "अनुत्तीर्ण" म्हटलं. गावातला संतोष लग्नासाठी बायोडाटा करून घ्यायला आला. तोंडानं सांगितलं वय बत्तीस. दाखल्यावरची जन्मतारीख बाईनं वाचली, सालासकट. रांगेतल्या सगळ्यांनी बोटं मोजून हिशेब केला. एकोणचाळीस. बघून ठेवलेल्या मुलीचा मामा तिथं हजर नव्हता एवढंच नशीब. त्याला हे संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

"आता लोक म्हनतात तिथं नको, तिथलं मशीन बोलतं."

"मशीन तर आधीपासून बोलतंय."

"आधी माझ्याशी बोलायचं!"

मी सुचवलं, कानाला इअरफोन लाव. ती म्हणाली, "दोन्ही कान बंद केले तर गिऱ्हाईक दिसनार कसं? कोन आलं, कोन उठून गेलं, कोन माझ्या ड्रॉवरला हात घालतंय?" मी म्हटलं, एकाच कानाला लाव. "तू एक डोळा बांधून दुकान चालव आठवडाभर. मग मी लावते."

मी चालवलं नाही. भिवपुरीला गेले.

गोड बाईचा वेग वाढवून बघितला. ठरावीक मर्यादेनंतर तिच्या तोंडात शब्दांचा नुसता गिलावा व्हायचा. कुंदाताईलाही काही कळत नव्हतं. शोधताना त्याच प्रोग्रॅममध्ये दुसरा एक आवाज सापडला. पहिल्या दिवशी मी तो ऐकून बाजूला सारला होता, कारण तो पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा होता. पण त्याला कितीही पळवला तरी शब्द एकमेकांना चिकटत नव्हते. गोडव्याची किंमत वेगात जाते, हे मला तेव्हा कळलं. ज्यांना दिसतं ते आवाज निवडताना बायको निवडल्यासारखा निवडतात, आणि त्यांनीच असले आवाज अंधांसाठी बनवलेले असतात. यावर माझं वेगळं पत्रक तयार आहे.

"हा चालंल," कुंदाताई म्हणाली. "पन ह्याचं बोलनं म्हाताऱ्यासारखं नाय. कान बसायला दिवस लागतील."

म्हाताऱ्याच्या बोलण्यातले सगळे वळसे तिला पाठ होते. हा नवा, 'ळ' आला की अडखळणारा, भलत्या ठिकाणी श्वास घेणारा. तिनं रोज थोडा थोडा वेग वाढवायचं ठरवलं. पडवी तोवर रिकामीच होती, सरावाला निवांतपणा मिळाला. रिकाम्या दुकानात बसून ती दिवसभर काय काय वाचत होती कोण जाणे. वहिनी म्हणाली, दिवसभर घरात पत्रे वाजतात.

पुढच्या महिन्यात भिवपुरीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत एका घरी काम निघालं, तेव्हा मी पडवीत डोकावले. बाकावर दोन बायका बसल्या होत्या आणि दारात संतोष उभा होता. आत यायला तयार नव्हता.

"ये रं आत," कुंदाताई म्हणाली.

"आधी मशीन वाचून दाखव. मग येतो."

"कोनाचं वाचू? ह्या बायांचं वाचू का तुझ्यासाठी?"

"कोनाचं पन वाच. माझं नको."

कुंदाताईनं कीबोर्डवर बोटं फिरवली. "माझंच वाचते. माझा दाखला हाय. ऐक." खिळा पत्र्यावरून सरकला.

संतोष कान टवकारून ऐकत होता. "तुझं नाव कळलं. आन तुझी जन्मतारीख पन कळली, कुंदाताय. अगं, तू तर माझ्यापेक्षा…"

"गप." तिनं दोन कळा दाबल्या. पुन्हा वाचन झालं, या वेळी जोरात पळत. "आता?"

"भिवपुरी कळलं. तालुका कर्जत कळलं."

बाकावरची एक बाई म्हणाली, "मला तारीख पन कळली गं." दुसरी म्हणाली, "मला नाय कळली." पहिली म्हणाली, "तुला कायच कळत नाय."

कुंदाताईचा चेहरा घट्ट झाला होता. तिचे ओठ आवाजाच्या मागे मागे हलत होते, एखादा शब्द सुटला की ती मान झटकून तेवढाच पुन्हा वाचून घेत होती. मग तिनं वेग आणखी चढवला. स्पीकर थरथरला. मला तर त्यात मराठी आहे हेही ओळखू आलं नसतं.

"आता?"

संतोषनं बायांकडे बघितलं. बायांनी एकमेकींकडे. माना हलल्या.

"नाय," संतोष म्हणाला. "काय बी नाय कळलं."

"तारीख?"

"नाय."

"गाव?"

"गाव बी नाय. तुला कळलं?"

"मला कळलं," कुंदाताई म्हणाली. "ये आत, बस. खरं वय सांग."